छाती स्वच्छ

४ जानेवारी

शिंप्याला मूळव्याध आहे. मला कसं कळलं? यांनी खाली दवाखान्यात सांगितलं, मी वर ओट्याशी ऐकलं. समोरच्या दुकानातही ऐकलं असणार. शिंपी मान खाली घालून गेला. आता उभ्यानेच मशीन चालवेल बिचारा.

यांना म्हटलं — अहो, जरा हळू बोलत जा. दिवसेंदिवस आवाज चढतोय तुमचा.

म्हणाले — काय?

ही डायरी औषधकंपनीच्या माणसाने दिलेली. यांनी माझ्या हातात ठेवली. "चौथीनंतर हातात पेन धरलं नाहीस. आता धर." धरलं. बोट दुखलं.

९ जानेवारी

टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघतात. म्हटलं, वीज वाचते का? तर म्हणे अभ्यास चाललाय. कसला ते सांगत नाहीत.

या माणसाचा अभ्यास सरणावरच संपायचा. साठीला घड्याळं दुरुस्त करायला शिकले — घरात चार घड्याळं, चौघांची चार मतं. सत्तरीला परक्या देशाची भाषा. बोलायला कोणी नाही म्हणून मांजराशी बोलायचे. मांजर घर सोडून गेलं. गेल्या वर्षी नातीबरोबर गणिताला बसले. तिचाच पेपर घरी सोडवला आणि तिच्यापेक्षा जास्त मार्क मिळवले! पोरगी दोन दिवस आजोबांशी बोलली नाही.

१५ जानेवारी

गवंड्याने हा जिना बांधला तेव्हा पायऱ्या एवढ्या उंच नव्हत्या. आज मध्येच बसले. नात म्हणाली, आजी काय करतेस? म्हटलं, धूळ बघतेय.

२३ जानेवारी

हे ताटावरून उठून गेले. कोणाचं तरी पोट दुखत होतं. नवीन काय त्यात? आमचा मुलगा झाला तेव्हा हे दुसऱ्याच बाईच्या बाळंतपणाला होते. परत आले ते हसतच — "मुलगी झाली!" म्हटलं, तिला. आपल्याला मुलगा.

पण पुढे महिनाभर लंगोट यांनीच धुतले. एका हातात पुस्तक. त्यामुळे निम्मे मळकेच राहायचे. मी पुन्हा धुवायची, न सांगता.

३ फेब्रुवारी

बेकरीवाल्याला मोठ्या दवाखान्यात भरती केलं. न्यूमोनिया. परवाच यांनी त्याची छाती तपासली होती. "स्वच्छ आहे," म्हणाले होते. मी वरून ऐकलं होतं, आणि कोणी नाही ऐकलं?

मुलाचा फोन. तोही डॉक्टर, मोठ्या दवाखान्यात. "आई, बाबांच्या कानाला ऐकू येत नाही. नळीतून तर काहीच नसेल येत. आज हा वाचला. उद्या एखादा मरेल. तू थांबव त्यांना."

मी थांबवू? म्हटलं, तू सांग. म्हणाला — "मला ते अजून शेंबडाच समजतात."

हे बेकरीवाल्याकडे जाऊन आले. जेवले नाहीत.

४ फेब्रुवारी

सकाळी दवाखाना उघडलाच. तीन खोकले आणि एक ताप येऊन बसले. बेकरीवाला गाढवासारखा दणकट, म्हणून निभावला. उद्या एखादं तान्हं असलं तर?

नुसतं सांगून ऐकणारा माणूस नाही हा. पुरावा मागेल.

६ फेब्रुवारी

पुरावा दिला.

खाली गेले, रांगेत बसले. नंबर आला तशी म्हटलं, माझी छाती बघा. कंपाउंडर हसायला लागला, त्याला बाहेर काढला. यांनी नळी कानात घातली, सवयीने डोळे मिटले, मागे उभे राहिले. "लांब श्वास घे."

मी श्वास धरून बसले.

नळी एका जागी ठेवली. मग दुसऱ्या जागी. तिसऱ्या जागेपर्यंत मला धरवेना, खोकला आला.

"छान. छाती स्वच्छ."

मी वळले. म्हटलं — मी श्वासच घेतला नव्हता.

माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पुन्हा सांगायची वेळ आली नाही. नळी काढली, गुंडाळली, खणात ठेवली. कंपाउंडरला हाक मारली, "बाकीच्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठव."

मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल.

७ फेब्रुवारी

तो टीव्हीचा अभ्यास कळला. ओठ वाचायला शिकत होते! वर्षभर! म्हणजे मी तोंडातल्या तोंडात जे जे पुटपुटले ते सगळं वाचलंय यांनी. "गाढव तीनदा म्हणालीस त्या मंगळवारी," म्हणाले.

ओठांवर भागेल असं वाटलं होतं त्यांना. पण फुप्फुसाला कुठे ओठ असतात?

संध्याकाळी म्हणाले — "पाठमोरी बस."

म्हटलं, आता कशाला? झाली की फजिती.

"जिन्यात मध्येच बसतेस ना?"

कोणी चहाडी केली?

"मी बहिरा आहे गं. आंधळा नाही. आणि काल तू श्वास एवढासाच का धरलास? पाठ हलली खोकल्याने."

डावा हात पाठीवर ठेवून उजव्या बोटाने ठोकायला लागले. सुतार भिंत पोकळ आहे का बघतो तसं. वरून खाली, वरून खाली. उजवीकडे खाली आले आणि थांबले. पुन्हा ठोकलं.

म्हटलं, ऐकू तर येत नाही, मग हे कशाला?

"हे बोटाला कळतं," म्हणाले. "इथे पाणी आहे."

९ फेब्रुवारी

मुलाने सुई घालून पाणी काढलं. बाटली भरली. लालसर होतं. मुलगा बाटलीकडे बघून गप्प झाला. हे म्हणाले, "तपासायला पाठव." गप्प राहायची ही कला बापाकडून आलेली नाही त्याला. माझ्याकडूनही नाही.

जिन्याच्या पायऱ्या पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. उगाच शिव्या घातल्या गवंड्याला.

१२ फेब्रुवारी

दवाखान्याची पाटी उतरवली. कंपाउंडर रडला. हे नाही रडले. पाटीच्या मागे पालीने अंडी घातली होती, ती नातीला दाखवत बसले. मी म्हटलं, शेवटचा पेशंट मीच ना? फी घ्या.

म्हणाले, "अजून तपासणी संपली नाही."

१६ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. यांनी दार लावून घेतलं, शेजारी बसले आणि सांगितलं. गल्लीभर ऐकू जाणारा हा माणूस — आज इतकं हळू बोलला, की मलाच विचारावं लागलं —

काय?