सोबतीचं तिकीट फुकट

फॉलकर्क,
९ सप्टेंबर

प्रिय लोर्नी,

तू बरी असशील, क्लाइव्हचा गुडघा बरा असेल आणि तिकडे हलमध्ये ऊन पडलं असेल असं धरून चालते. इथे पाऊस आहे. मी ठणठणीत आहे. झाली विचारपूस.

अक्षर बघून हसू नकोस. नॅनने वाढदिवसाला जाड काळं पेन दिलंय, त्याने बारीक लिहिताच येत नाही. नॅन म्हणजे शेजारची, केस जांभळे रंगवते ती. आर्चीच्या, तुझ्या भावजींच्या, मातीच्या दिवशी सगळं खाणंपिणं तिनेच केलं होतं. तू संध्याकाळच्याच गाडीने परत गेलीस, म्हणून तुला तिचा केक मिळाला नाही. आठवण करून देतेय, टोमणा नाही.

तर विषय असा. ऑक्टोबरात बटाट्याच्या सुट्टीत आपण दोघींनी तीन दिवस डोंगरात जायचं. आता पोरं त्या सुट्टीत स्पेनला जाऊन लोळतात, बटाटा काढायला कोणी वाकत नाही, पण सुट्टीचं नाव तेच राहिलंय. ग्लेन आर्दिचला एका मेंढपाळाच्या घरामागे लाकडी झोपडी आहे. दोन पलंग, एक चूल, खिडकीसमोर तळं. हंगाम उलटला की निम्म्या भाड्यात देतात. मी फोन केला. मालकीणबाई मिसेस मॅकस्पॉरन, आवाज असा की फोन हातभर लांब धरावा.

"एकट्याच येणार का हो?"

"छे! धाकटी बहीण आहे ना बरोबर."

"मग हरकत नाही. एकट्या बाईला मी देतच नाही. ओढ्यावर नुसती फळी टाकलीय, आणि चूल लाकडांची. गेल्या साली एक बाई ओढ्यात बसली ती बसलीच."

"आमची लोर्ना फळीवरून नाचत जाईल," मी सांगून टाकलं. तुझं वजन काही सांगितलं नाही.

खाण्याचा खर्च नाही. मसुराचं सूप मी डबाभर करून घेते, बटाट्याचे स्कोन घरचे, ओटची बिस्किटं आणि चीजचा एक तुकडा. तिकडच्या हॉटेलात एका चहाला जेवढे घेतात तेवढ्यात माझं चार दिवसांचं सूप होतं. तू येताना फक्त तुझी ती महागडी कॉफी आण, नाहीतर सकाळी तुझं तोंड बघवत नाही.

फॉलकर्कपर्यंत तुझं तू ये. पुढे बसने. आम्हा साठीपुढच्यांना इथे स्कॉटलंडात बस फुकट, तू पडलीस इंग्लंडची, तुला कोण देतंय? पण तुलाही तिकीट लागणार नाही. कसं ते विचारू नकोस. माझ्यावर सोड.

नॅन तुला फोन करणार म्हणते. करू दे, मनावर घेऊ नकोस. परवा सकाळी ती आली तेव्हा मी लापशी खायला बसले होते. तिने मला वरून साखर घालताना बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. "एल्स्पेथ! लापशीत साखर? मीठ सोडून साखर? इंग्लंडात जाऊन आलीस की काय?" मी म्हटलं, मला हल्ली अशीच आवडते, तुझं काय जातं? आणि तिच्यासमोर सबंध वाडगा संपवला. नुसतं गोडमिट्ट. जन्मभर लापशीत मीठच घालणाऱ्या आईने बघितलं असतं तर थडग्यातून उठून आली असती.

टीव्ही मी नॅनच्या भावाला देऊन टाकला. काही धड लागतच नाही त्यावर. रेडिओ बरा.

लवकर कळव. झोपडी थोडेच दिवस राखून ठेवणार आहे ती बाई.

तुझी थोरली,
एल्स्पी


फॉलकर्क,
२२ सप्टेंबर

लोर्नी,

तुझं कार्ड पोचलं. एवढंसं कार्ड आणि त्यावर मुंग्यांची रांग. आई तुला म्हणायची तेच मी म्हणते, कागद काय सोन्याचा आहे का? तर तुझ्या मुंग्या नॅनने मला वाचून दाखवल्या. चष्मा लावून, बोट फिरवत, मोठ्यांदा: "फुकट कसं? एल्स्पी, या वयात बसवाल्यांना फसवणार आहेस का? आधी ते सांग, मग येण्याचं बघू. आणि लापशीत साखर? तुला झालंय तरी काय?"

वाचून झालं आणि नॅनने कार्ड टेबलावर ठेवलं. म्हणाली, "आता तू सांगतेस की मी सांगू?" मी तिला घरी पाठवली.

म्हणजे मीच सांगायला हवं.

मी कोणाला फसवत नाहीये. माझ्या पासवर सोबतीची खूण आहे. ज्याला एकट्याने फिरणं अवघड त्याच्याबरोबर एक माणूस फुकट जातो. मला दिसत नाही, लोर्ना. म्हणजे अगदी काळोख नाही. मधोमध एक धुरकट डाग आहे आणि तो बघेन तिथे पुढे पुढे येतो. कडेचं दिसतं. माणसाचं तोंड बघायला जावं तर तोंडच गायब, कान तेवढे शिल्लक. साखरेचा आणि मिठाचा डबा सारखाच, त्यावरची चिठ्ठी म्हणजे डाग. नॅनसमोर कबूल करायचं नव्हतं म्हणून ती गोड लापशी गिळली. पोट बिघडलं ते वेगळंच.

पेन नॅननेच दिलंय, ते खोटं नाही. का दिलंय ते फक्त सांगितलं नव्हतं.

डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो की दोन्ही डोळ्यांत आहे, परत फिरणार नाही. पुढच्या वर्षी किती दिसेल विचारलं तर खांदे उडवले असावेत. मला काय दिसणार?

पासचं ऐक. ग्रंथालयात जाऊन अर्ज द्यायचा असतो. काउंटरवर एक पोरगी होती, गोड आवाजाची. तिने सगळं भरून घेतलं. मी विचारलं, "सोबतीचं नाव कुठे घालायचं?" तुझं नाव जिभेवर तयार होतं गं. आडनावासकट. ती म्हणाली, "नाव लागतच नाही हो, कोणीही चालतं." तिच्या मते केवढी सोय! कोणीही. मी तो पास घेऊन बाहेर आले आणि बसथांब्यावर बसून विचार केला की माझ्याकडे कोणीही कोण आहे? आर्ची गेला. नॅनला बस लागते, दोन थांबे झाले की पांढरीफटक पडते. संपली यादी.

तेव्हापासून मी एकटीच जाते. बाजारात, दवाखान्यात. आमच्या मार्गावरचा ड्रायव्हर टॅम, महा आगाऊ. पास दाखवला की विचारतो, "काय एल्स्पेथबाई, आज तुमची सोबतीण कुठाय?" मी म्हणते, "मागच्या बसने येतेय." सगळी बस हसते. मीपण हसते. त्याला वाटतं आमची गंमत ठरलेलीच आहे. मग मी खिडकीशी बसते आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवते.

मला एकटं वाटतं, लोर्ना. फार वाटतं. दिसत नाही त्याचं एवढं नाही, पण दिसत नाही हे सांगायला घरात कोणी नाही. दूध उतू गेलं की मी स्वतःलाच ओरडते, म्हणजे आवाज तरी होतो.

तू घाबरशील म्हणून आधीच सांगते, मला सांभाळायला ये असं मी म्हणत नाहीये. तुझा क्लाइव्ह आहे, त्याचा गुडघा आहे. तीन दिवस मागतेय. फळी ओलांडताना हात दे आणि चुलीत लाकूड घाल, बाकी माझं मी करते. सूप तर आंधळीसुद्धा ढवळते.

आणि ऑक्टोबरच का, तेही सांगते. लार्चची झाडं तेव्हा पिवळी होतात. पिवळा रंग मला अजून कडेकडेने चांगला दिसतो, तेवढा बघून घ्यायचाय. आणि तेव्हा नर हरणं डुरकतात. आठवतं? लहानपणी त्या सुट्टीत बटाटे काढायला गेलो होतो, गोठ्याच्या माळ्यावर झोपायचो. पहाटे डोंगरातून ते सुरू झालं आणि तू भोकाड पसरलंस, राक्षस आला म्हणून. माझ्या पांघरुणात शिरलीस आणि माझं बोट इतकं दाबून धरलंस की मला दिवसभर बटाटा उचलता येईना. मी तेव्हा फार चिडले होते. आता पहाटे जाग येते तेव्हा तेच बोट चाचपते.

ते डुरकणं तर मला डोळे गेल्यावरही ऐकू येईल. पण पांघरुणाच्या दुसऱ्या बाजूला कोणी असल्याशिवाय ते ऐकण्यात काय अर्थ?

स्टेशनवर तू उतरलीस की मी तुझ्या कानाकडे बघून बोलेन. तुझ्या सासूसारखं नाक मुरडू नकोस. तसं कडेने बघितलं तरच तू मला दिसशील.

मिसेस मॅकस्पॉरनने परत विचारलं, "बहीण नक्की ना?" मी नक्की म्हणाले. टॅमलाही सांगून बसलेय की मागची बस आता आलीच. माझी फजिती व्हायची तर होऊ दे, या वयात कोण बघतंय, आणि बघितलं तरी मला दिसणार नाही.

आता उत्तर लिही. येणार असशील तर मोठ्या अक्षरात लिही, माझ्यासारखं, जाड पेनने, कागदभर. मी खिडकीशी नेऊन स्वतः वाचेन. येणार नसशील तर तुझ्या नेहमीच्या मुंग्या लिही. मी ते कार्ड नॅनला दाखवणार नाही, आणि मला ते वाचता येणार नाही.

मागच्या बसची वाट बघणारी,
तुझी एल्स्पी