फुटक्या जहाजाचं पुस्तक आणि आमची विहीर

मुक्काम पारनेर,
१६ मार्च १९७३

श्री. गहिनीनाथराव पाव्हणे, सोनई, यांस सहादेवचा रामराम. आपली तब्येत, मुलाबाळांची खुशाली, गुरांच्या चाऱ्याचं कसं काय, सगळं कळवावे. इकडे मी जिवंत आहे. मुद्दाम लिहितो, कारण मंगळवारी दुपारी दोन तास गावाचं मत वेगळं होतं.

झालं असं, की इथल्या वाचनालयातून मी खऱ्या घडलेल्या संकटांचं एक पुस्तक आणलं. जहाज फुटलेलं, खाण ढासळलेली, आणि त्यातून माणसं कशी जगली, सगळं तपशीलवार (एका खलाशानं बूट खाल्ला हो! उकडून!). अंगावर काटा यायचा. चांगुणेलाही मोठ्यानं वाचून दाखवायचो. ती म्हणायची, "आपल्याकडं समिंदर कुठं हाय?"

मंगळवारी गाळ बघायला विहिरीत उतरलो. वहाणा काठावर, भाकरी कमरेला. तळ जवळ आला आणि दोर तुटला. गुडघाभर पाण्यात आदळलो. लागलं नाही, पण वर बघतो तर आभाळ परातीएवढं! मग पुस्तक आठवलं. ओरडून दम घालवू नये, उन्हात बसू नये, शिदोरी शेवटपर्यंत राखावी. मी कपारीत शिरलो, भाकरीला हात लावला नाही, आणि गाळात जुन्या मोटेचं कातडं सापडलं ते चावत बसलो (पडून अर्धा तास झाला असेल).

काही वेळानं वरून चांगुणेचा आवाज आला, "अवो! खाली हाय का?" पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, तहानेनं व्याकूळ झालेल्याला घरच्यांच्या हाका ऐकू येतात, ते भास, त्यांना ओ देऊ नये. मी दिली नाही. (पाणी पायाशीच होतं, हे तेव्हा सुचलं नाही.)

वहाणा आणि तुटका दोर बघून तिनं हंबरडा फोडला. गाव गोळा झालं. आमची चुलती कडूबाई तिच्या हातातल्या बांगड्या फोडायला पुढं झाली, "आता कुनासाठी ठिवतीस गं?" हे ऐकून मात्र मी हादरलो. भासात बायको येते, आई येते. चुलती येते असं पुस्तकात कुठंच नाही! ओरडायला गेलो तर तोंडात कातडं.

तेवढ्यात शेजारचा आसाराम प्रेत काढायला खाली उतरला. कपारीत मला चावताना बघून तो असा किंचाळला, की हातचा दोर सोडून तोही पाण्यात.

आम्हा दोघांना वर काढलं. चांगुणेनं एवढंच विचारलं, "माजी हाक ऐकू येत हुती का?"

मी "हो" म्हणालो. खरं का बोललो, ते अजून कळत नाही.

आपला,
सहादेव

ता. क. बुधवारपासून चांगुणा आपल्याकडे माहेरी आहे, हे आपण जाणताच. समजूत घालून धाडावे. घर खायला उठतं.

आणखी ता. क. जाताना पुस्तक ती रागानं घेऊन गेली. बर्फात अडकलेल्या अकरा जणांचं शेवटचं प्रकरण राहिलंय. तिला यायला वेळ लागणार असेल, तर पुस्तक आधी पाठवावे.