उजव्या स्पीकरमधला खोकला

मी, खाली सही करणारा, व्यवसायाने चष्मेवाला, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस घातलेले नसताना, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरांनी दिला आहे. कानांचा दिला नाही; माझा उजवा कान लहानपणीच्या तापात गेला.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीला. दुकान आणि काचा घासण्याचे यंत्र मुलीला, कारण ते तीच चालवते. मुलाने रुसू नये. त्याला त्या यंत्राचा आवाजही सोसत नाही.

२. रेकॉर्ड प्लेअर व दोन्ही स्पीकर पत्नीच्या पश्चात मुलाला. एक तुला, एक मला अशी वाटणी भावाबहिणीने करू नये.

३. रॉकच्या तबकड्या. येथे थोडा खुलासा हवा. गाण्यात गिटार कुठल्या बाजूला, ड्रम किती मोठा, ही जुळवणी म्हणजे स्टिरिओ मिक्स. जुनी तबकडी बाजारात पुन्हा काढताना क्वचित चुकून दुसऱ्याच जुळवणीची टेप लागते. वेष्टण तेच, आतले गाणे वेगळे. असे नग हुडकणे हा माझा छंद, पण एका हाताने टाळी वाजत नाही. म्हणून उजव्या स्पीकरशेजारी पत्नी बसे आणि मटार सोलता सोलता तिकडची खबर देई. या संगीताला ती धांगडधिंगा म्हणते.

एकदा नवी आवृत्ती ऐकताना ती म्हणाली, "शेवटी कुणीतरी खोकलं. आपल्या जुन्या तबकडीत नाही खोकत."

४. मेहुणे, म्हणजे हिचे धाकटे बंधू, आमच्या रविवारच्या श्रवण मंडळाचे अध्यक्ष आहेत. ते तेव्हा म्हणाले, "ताई, भास झाला तुला. मटार मोडल्याचा आवाज असेल." तपासतो म्हणून तबकडी घरी नेली आणि पुढच्या बैठकीत खोकल्याचा शोध स्वतःच लावला. टाळ्या पडल्या. ही मागच्या खुर्चीत होती. "जाऊ द्या हो, भाऊच आहे माझा," म्हणाली. मी जाऊ दिलेले नाही.

सबब, मेहुण्यांना जुनी, बिनखोकल्याची तबकडी द्यावी. शोध ताईचा होता हे त्यांनी मंडळापुढे उभे राहून सांगितल्यास बाकीचा संग्रहही त्यांचा. न सांगितल्यास तो मंडळाला, आणि धूळ पुसण्याचे काम अध्यक्षांकडे.

मसुदा वाचून मेहुणे साक्षीदार व्हायला निघाले होते. ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष करू नये, असे वकिलांनी सांगताच पेन खिशात गेले. मग त्यांनी विचारले, "भावजी, उभं राहूनच सांगायचं का?"

होय.

५. खोकल्याची तबकडी पत्नीला. हे कलम वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मला काय करायचीय? ते गाणं मला पहिल्यापासून आवडत नाही."

"मग इतकी वर्षं शेजारी बसलीस कशाला?"

"पूर्ण पैसे मोजून तुम्ही निम्मंच गाणं ऐकायचात. मला ते पटत नव्हतं."

कलम बदललेले नाही.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ मार्च २०२५, रविवार

लिहून ठेवणार : (सही) चष्मेवाला

आमच्यासमक्ष सही केली :
१. (सही) शेजारचे डॉक्टर
२. (सही) खालच्या मजल्यावरचे शिंपी. धांगडधिंग्याबद्दल तक्रार आहे, मजकुराबद्दल नाही.