कोपरीची खोली

रविवार, संध्याकाळ

कोपरीतली खोली बघून आले तेव्हापासून भीती वाटतेय. स्टेशन, भाजी, दवाखाना, सगळं चालत जाण्यासारखं. मग भीती कसली? त्या खिडकीची. समोरच्या घराची खिडकी इतकी जवळ, की मी आत पाऊल टाकताच तिथल्या आजोबांनी विचारलं, "नवीन का गं? कुठली?" मी "परभणी" म्हणाले, तर मागून त्यांच्या सुनेचा आवाज, "एकटीच राहणार?" मी कधी येते, कोण भेटायला येतं, सगळं ह्यांना दिसणार. नकोच ती खिडकी.

पण इथे बाळकुमच्या टॉवरमध्ये तरी काय? मागच्या महिन्यात तापाने फणफणले होते तेव्हा शेजारचं दार वाजवलं. आत टीव्ही चालू होता. कुणी उघडलंच नाही. आठवलं की अजून रडू येतं.

आईला विचारलं असतं तर म्हणाली असती, परत ये. म्हणून न विचारताच कोपरीच्या घरमालकीणबाईंना फोन लावला.

"काकू, खोली घेते. पण ऑफिसमुळे कधीकधी उशीर होतो. चालेल ना?"

"चालेल की. फक्त कळवत जा गं. नाहीतर आम्ही जागेच राहू."

फोन ठेवला. बरं वाटलं की आणखी घाबरले, मलाच कळत नाहीये.