रेघेतली लाट

११ जानेवारी, शनिवार

रेघ वाकडीच. आज मशिनवर तोच चौकोन सातव्यांदा काढला. लांबून बरा दिसतो, जवळ घेतला की कडेला करवतीचे दाते. शालनला दाखवला. तिनं चष्मा पुसून बघितलं नि म्हणाली, "थरथरतंय." एवढंच बोलून भाजी चिरायला गेली.

बायको म्हणून बोलली असती तर सोडून दिलं असतं. पण ती कारखान्यात ट्रेसर होती, नकाशे हातानं उतरवायची; मी मेंटेनन्सला. तिच्या टेबलावरून नकाशा सुटला की तपासणाऱ्याला काम उरायचं नाही. अर्ध्या मिलिमीटरचा फरक ती उभ्या उभ्या सांगायची. तिनं थरथरतंय म्हटलं म्हणजे थरथरतंय.

मशिन काय, दोन मोटरी, दोन रबरी पट्टे, चार रॉड आणि पेन धरणारा एक चिमटा. कॉम्प्युटरमधलं चित्र कागदावर काढायचं, एवढंच त्याचं काम. रिटायर झाल्यावर हाताला काहीतरी हवं म्हणून सुरू केलं. गेलं वर्षभर मागच्या खोलीतलं टेबल अडवून बसलंय.

आता मात्र कारण आहे. सुखदा पुण्यात नव्या घरात जातेय, १६ फेब्रुवारीला वास्तुशांत. शालनच्या आईचे कसूतीचे, म्हणजे कर्नाटकी भरतकामाचे, नमुने — गोपुर, रथ, तुळशीवृंदावन — शालननं लग्नाआधी ग्राफच्या वहीत उतरवून ठेवलेत. ते सगळे एका मोठ्या कागदावर काढून, फ्रेम करून लेकीला द्यायचे. "तूच काढ की हातानं," मी म्हटलं होतं. "मग तुमचं मशिन कशाला आहे?" म्हणाली.

१३ जानेवारी, सोमवार

एक चोर सापडला. पेन चिमट्यात हलत होतं. डोळ्याला दिसत नव्हतं, बोट टेकवल्यावर कळलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळली. थरथर निम्म्यानं गेली.

शालन म्हणाली, "आता बरंय. पण कोपरे सुटलेत." बघितलं तर खरंच सुटलेले.

१७ जानेवारी, शुक्रवार

कोपऱ्यांचं कारण सापडलं. पेन कागदाला टेकायच्या आत मशिन निघत होतं. टेकल्यावर जरा थांबायला लावलं, वेगही अर्ध्यावर आणला. आता एक रथ काढायला पाऊण तास. काढू दे.

रॉडही झिजलेत असं वाटतंय. शहराच्या टोकाला, बोम्मसंद्राला, मल्लाप्पाच्या वर्कशॉपवर जाऊन आलो. कारखान्यात माझ्या हाताखाली होता, आता स्वतःची तीन लेथ आहेत. म्हणाला, "नागोजी अण्णा, ग्राइंड करून देतो, पण स्वल्प वेळ द्या." दिला. येताना होसूर रोडवर दीड तास बसमध्ये उभा. घरी येऊन आडवाच झालो.

२० जानेवारी, सोमवार

पाठ धरली आहे. मशिनकडे बघितलंही नाही.

२५ जानेवारी, शनिवार

मल्लाप्पानं रॉड छान करून दिले. बसवले. एक लांब आडवी रेघ काढली, दीड फुटाची. कागद डोळ्यांशी समांतर धरून रेघेवरून नजर टाकली. ताणलेल्या तारेसारखी! फार दिवसांनी बरं वाटलं.

शालनला हाक मारली. तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मधे लाट आहे."

"कुठं?"

तिनं मधोमध बोट ठेवलं. मला काही दिसेना. पण माझ्या डोळ्यांचं काय सांगावं, दोन्ही मोतीबिंदू काढलेले. तिच्या नजरेपुढं माझी नजर कधीच उभी राहिली नाही. आजच कशी राहील.

२९ जानेवारी, बुधवार

पट्टे बदलले. ताण मोजून सारखा केला. टेबलाच्या पायाखाली रबर घातलं, खालून ट्रक गेला की हादरा बसतो म्हणून. तीन रेघा काढल्या, तीन वेगळ्या पेनांनी.

"मधोमध लाट."

मग मशिनवर उभी रेघ काढून दाखवली. तरी लाट मधोमधच. हे काही समजत नाही. आडव्या पट्ट्याचा दोष असेल तर लाट आडव्या रेघेत यावी, उभ्या रेघेत कशी येते? म्हणजे दोन्हीकडं दोष आहे. म्हणजे पुन्हा सगळं खोलायचं. छत्तीस वर्षं मशिनं दुरुस्त केली, एवढा दमलो नव्हतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

सगळं खोललं, पुसलं, परत जोडलं. मल्लाप्पा स्वतः सरळपणा मोजायचा डायल घेऊन आला. काटा जेमतेम हलला. म्हणाला, "यापेक्षा सरळ माझं लेथ पण चालत नाही, अण्णा." शालन आत गूळपोहे करत होती, तिनं ऐकलं असणार. बाहेर येऊन त्याला बशी दिली आणि मला विचारलं, "मग आता काढता का एक रेघ?"

काढली. तिनं बघितली. मान हलवली आणि आत गेली.

सुखदाचा फोन. "बाबा, नाही झालं तर राहू द्या. तुम्ही दोघं या म्हणजे झालं." मी हो म्हणणार होतो. शालननं फोन माझ्या हातातून घेतला. "होईल, होईल. करतायत ते."

तिला काय जातंय म्हणायला.

५ फेब्रुवारी, बुधवार

रोज सकाळी चहाच्याही आधी विचारते, "आज काढणार ना रेघ?" पूर्वी या मशिनचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची. आता मी खोलीत शिरलो की मागोमाग येते. पेन चालायला लागलं की शेजारी उभी राहते, टेबलाची कड धरून. रेघ संपली की वाकून बघते. मग नाहीच म्हणते. परीक्षेला बसल्यासारखं होतं मला, आणि रोज नापास.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज अकरा रेघा. अकरा वेळा लाट.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज माझ्याकडून फार वाईट झालं.

शेजारची चंदना आली होती, वास्तुशांतीला पुण्याला जायच्या आमच्या गाडीचं विचारायला. बेळ्ळंदूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे, दिवसभर नकाशेच बघते. मी तिच्यापुढं सगळे कागद टाकले. म्हटलं, बाई, तूच सांग, लाट कुठं आहे. तिनं एकेक कागद खिडकीशी नेऊन बघितला. मग पर्समधून स्टीलची पट्टी काढून रेघेला लावली. उलटी करून परत लावली.

"अंकल, कुठंच नाही. एकदम सरळ आहेत सगळ्या."

"ही २५ तारखेची?"

"ती पण."

ती गेल्यावर मी शालनला हाक मारली. आवाज चढलाच होता माझा. म्हटलं, दोन आठवडे मी पाठ मोडून घेतोय आणि तू मजा बघतेस? मशिन नको होतं तर तसं सांगायचं. तिनं कागद हातात घेतला. बघितला. मी पुढं म्हटलं, तुझ्या हातच्या रेघेची बरोबरी दुसऱ्या कुणी केलेली तुला बघवत नाही, खरं तेवढंच आहे.

चौतीस वर्षांत असं बोललो नव्हतो.

तिनं कागद घडी न घालता अलगद टेबलावर ठेवला. "सरळ आहे म्हणाली चंदना?" तिनं विचारलं. "पट्टी लावून?"

"हो, पट्टी लावून."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

ती खुर्चीत बसली. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून.

९ फेब्रुवारी, रविवार

बोलणं नाही. मी सकाळी मशिन सुरू केलं. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, सगळं एका दमात काढून झालं. सुंदर आलंय. ती बघायला आली नाही. दुपारी आतून म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात येता?" कशाला विचारलं तर म्हणाली, "या तर."

१० फेब्रुवारी, सोमवार

डोळ्यांचा दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढं चौकटींचा कागद धरला, एकेक डोळा झाकून बघायला लावला. डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय. डावा डोळा जास्त, उजव्यात सुरुवात. गुरुवारी पहिलं इंजेक्शन, मग दर महिन्याला. आहे तेवढी नजर बहुतेक राहील, म्हणाल्या. सरळ रेघा मधे वाकलेल्या दिसतात, हेच त्याचं लक्षण. "केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून," शालन म्हणाली. "दाराची चौकट, फरशीचे सांधे, सगळंच."

रिक्षात मी तिचा हात धरून बसलो. ती बोलली, रस्त्याकडं बघत.

"तुम्ही एकेक काढून दुरुस्त करत होता ना, तेव्हा मी रोज मनात एवढंच म्हणायची, खोट मशिनमधेच निघू दे."