दादाचं घड्याळ

४ मार्च
दादा सकाळपासून सापडत नाही. डोक्याला मार लागल्यापासून रस्ते विसरतो, म्हणून तर आमच्याच कंपनीचं घड्याळ मी त्याच्या मनगटावर बांधलं होतं — माणूस कुठं आहे ते ऑफिसात पडद्यावर दिसतं. घड्याळ गप्प. शेवटची खूण त्याच्या घरातली, सात दहाची. चार्जिंग संपलं असणार. वहिनी नुसती बसून आहे.

५ मार्च
पोलीस, दवाखाने, बसस्टँड. काही नाही.

१२ मार्च
कामावर गेले. माझं काम काय, तर हजारो घड्याळांची अवस्था बदलत राहायची — नवं, चालू, स्थगित, निवृत्त. तीस दिवस गप्प राहिलं की घड्याळ आपोआप निवृत्त होतं, पुन्हा कधीच जोडलं जात नाही. कितीतरी निवृत्त केलीत, चहा पीत पीत. आज यादीत दादाच्या घड्याळाची ओळ आली. 'स्थगित' केलं. पंधरा दिवस मोजणी थांबते. कारण लिहिलं: ग्राहकाची विनंती. खोटं.

२६ मार्च
पुन्हा स्थगित केलं. आई दिवसातून दहादा विचारते, "दिसला का गं?" मी नाही म्हणते. ती मान हलवते, आणि तासाभराने परत तेच.

८ एप्रिल
साहेबांनी आत बोलावलं. "ही विनंती कोणी केली?" मीच, म्हटलं. माझा भाऊ आहे.  ते म्हणाले, "नियम मोडून माणूस सापडत असता तर मीही मोडला असता." शुक्रवारपर्यंत मुदत; मग स्थगिती रद्द, घड्याळ निवृत्त. त्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

९ एप्रिल
फोटो घेऊन पुलापलीकडे भटकले. एक दुकानदार म्हणाला, "यांना पाहिलंय." मग म्हणे, "नाही, ते दाढीवाले होते." आशेवर माणूस जगतो म्हणतात. मला ती कुरतडून खातेय.

१० एप्रिल
वहिनीला सांगितलं — उद्या घड्याळ कायमचं बंद. मग दादाने कुठे चार्ज केलं तरी आपल्याला कळणार नाही. ती उठून आत गेली. दार लावून घेतलं.

११ एप्रिल
दुपारी बाराला ओळ हिरवी झाली. चालू! नकाशा उघडला — दादाचंच घर. रिक्षात बसून रडत, हसत गेले. दार वहिनीने उघडलं. आत ती एकटीच. घड्याळ टेबलावर, चार्जरला लावलेलं.

"त्या सकाळी ते म्हणाले, एकदा तरी मला न बांधता दूध आणायला जाऊ दे. मीच घड्याळ काढून बंद केलं, वन्सं. तुम्ही त्या पडद्याकडे बघत बसायच्या, आणि माझं तोंडच उघडेना."