दर बुधवारी एक म्युझियम

बुधवार, ६ मार्च
मालेनाचा पुन्हा फोन. "आई, फ्लॅट विक आणि मालमोला आमच्याकडे ये. स्टॉकहोममध्ये आता तुझं आहे तरी कोण?" मी म्हटलं, म्युझियमं आहेत! "ताप आला तर म्युझियम सूप आणून देणार आहे?" पोरगी बापावर गेलीय.
तिचंही चुकत नाही म्हणा. कुणाशी न बोलता माझे दिवसच्या दिवस जातात. पण हे शहर सोडवत नाही. ईस्टरच्या आधी सांगते म्हटलं. तोवर दर बुधवारी एक म्युझियम.

बुधवार, १३ मार्च
वासा जहाज. एवढं मिरवत निघालं आणि पहिल्याच फेरीत बंदरात बुडालं. तीनशे वर्षांनी वर काढलं, तर आता केवढा मान! मलाही अजून आशा आहे.
शेजारी हिरव्या टोपीतला एक उंच म्हातारा जहाजालाच म्हणाला, "मापं कुणी घेतली होती रे तुझी?" मी फस्सकन हसले. मग दोघंही ओशाळून दुसरीकडे बघत बसलो.

बुधवार, २० मार्च
हॉलविल बाईंचा वाडा. बाईंनी घरातल्या यच्चयावत वस्तूंची यादी केलेली, स्वयंपाकघरासकट. आणि तिथे हिरवी टोपी! "तुम्हीही बुधवारवाल्या?"
कॉफीला दुसरं टेबल रिकामं नव्हतं, म्हणूनच एकत्र बसलो. नाहीतर कुणाची छाती होती! नाव सिक्स्टन. विधुर. दोन वेलचीचे बन एकट्याने खाल्ले. पुढच्या बुधवारांची म्युझियमं ठरवली, पण कुठे राहता विचारलं नाही — असलं विचारायचं नसतं.

बुधवार, २७ मार्च
सर्दी. घरीच. फार चुकल्यासारखं वाटलं. म्युझियम हो, दुसरं काही नाही.

बुधवार, ३ एप्रिल
दारूचं म्युझियम! "मागच्या बुधवारी एकटाच फिरलो. मजा नाही आली," सिक्स्टन म्हणाला. दिवसभर कानात तेच.
दारात निरोप घेतला, तर ट्राममध्ये हा समोर. मेट्रोत त्याच डब्यात. मारियातोर्येत स्टेशनवर मी उतरले, तोही उतरला. मेली लाज! पुढे जाऊ दे म्हणून मी बुटाची नाडी बांधत बसले, तर हा दुकानाच्या काचेत बघत उभा. शेवटी दोघंही माझ्याच इमारतीच्या दाराशी, आणि कुलपाचा कोड दाबायला दोघांचंही बोट पुढे!
तो तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. नऊ वर्षं! काखेत कळसा आणि गावाला वळसा.
"भेटलो कसे नाही कधी?" मी म्हटलं.
"जिन्यात पावलं वाजली की मी दाराआड थांबतो," तो म्हणाला. "सगळं शांत झालं की निघतो."
मीही तेच करते. सगळेच करतात. नको ती गाठ, नको ते बोलणं. खूप हसलो. घरात आल्यावर मात्र रडू आलं.

सोमवार, ८ एप्रिल
मालेनाला कळवलं — येत नाही. फुरंगटलीय.
सकाळी मी कोट चढवत होते, तेवढ्यात वरून जिन्यात पावलं वाजली. दार उघडलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले.